नोकरी गेली? राजीनाम्यावर सही करायच्या आधी हे वाचा, आणि हक्काचे पैसे कसे मागायचे तेही

नोकरी गेल्याचं कळतं त्या दिवशी डोक्यात एकच असतं, पुढच्या महिन्याचा हप्ता आणि मुलांची फी कशी भरायची. आणि नेमके त्याच दिवशी समोर दोन-तीन कागद ठेवले जातात, ज्यांच्यावर केलेली सही पुढची दोन वर्षं तुमच्या मागे फिरते. म्हणून आधी त्या कागदांबद्दल सांगते, पीएफ-ग्रॅच्युइटीचं नंतर.

सीन साधारण ठरलेला असतो. मीटिंग रूममध्ये बोलावतात, एचआर आणि तुमचा मॅनेजर बसलेले, पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला, आणि टाईप केलेला राजीनामा पुढे सरकवतात. त्यात लिहिलेलं असतं की मी वैयक्तिक कारणामुळे नोकरी सोडतोय. मग आवाज खाली आणून सांगतात, "टर्मिनेशन रेकॉर्डवर गेलं तर पुढे नोकरी मिळायला त्रास होतो, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, आत्ता सही करा म्हणजे रिलिव्हिंग क्लीन जाईल." भीती वाटते आणि माणूस सही करतो. पण कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःहून सोडली आणि कंपनीने काढलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वतःहून राजीनामा दिला की कपातीची, म्हणजे कंपनी माणसं कमी करते तेव्हा द्यायची, नुकसानभरपाई गेली, बेकायदेशीर काढलं म्हणून दाद मागायची तर आधी तो राजीनामा जबरदस्तीने घेतला हेच सिद्ध करत बसावं लागतं, आणि बेकारी भत्त्याच्या काही योजनाही हातातून जातात. एका सहीत एवढं सगळं.

म्हणून तिथे फक्त एवढंच म्हणायचं, "मला कागद घरी नेऊन वाचायचाय, दोन दिवस द्या." भांडायचं नाही, रडायचं नाही, उलट बोलायचं नाही. "आजच्या आज" असा कुठलाही नियम कायद्यात नाहीये, ती त्यांची घाई असते. आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या पर्सनल मेलवरून एचआरला एक मेल टाकायचा, साधारण असा:

"आज दुपारी झालेल्या मीटिंगमध्ये मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही. कंपनीला माझी सेवा संपवायची असेल तर तसं कारणासह लेखी कळवावं. मी कामावर हजर राहायला तयार आहे."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, ते काढू नका. कारण पुष्कळ ठिकाणी नंतर असं दाखवतात की हा माणूस न सांगता यायचाच बंद झाला. मेल गेला असेल तर तो दावा टिकवणं त्यांना जड जातं. सही आधीच झाली असेल, दबावाखाली झाली असेल, तरी हातपाय गाळू नका, पुढच्या एक-दोन दिवसांतच मेल करा की सही कुठल्या परिस्थितीत घेतली आणि राजीनामा मी मागे घेतोय. महिन्याभराने केलेल्या अशा मेलला तेवढं वजन राहत नाही.

माझं स्पष्ट मत सांगते, राजीनामा कधीच देऊ नये असंही नाही. कंपनी तीन-चार महिन्यांचा पगार लेखी देतेय, तारीख लिहून देतेय, इन्शुरन्स चालू ठेवतेय आणि तुम्ही मॅनेजर लेव्हलला आहात, तर ते घेऊन बाहेर पडणं कित्येकदा कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा शहाणपणाचं असतं. अट एकच, आकडा आणि तारीख कागदावर हवी. तोंडी शब्द म्हणजे काहीच नाही.

आता कागदपत्रं. लॅपटॉप आणि ऑफिसचा मेल बंद व्हायला दहा मिनिटं पुरतात, त्यामुळे हवा जरी लागली की कपात होणारे तरी आपल्या गोष्टी बाहेर काढून ठेवा: अपॉइंटमेंट लेटर, पगारवाढीची पत्रं, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, रजेचा बॅलन्स दिसतो तो स्क्रीनशॉट, अप्रेझल, आयकार्डाचा फोटो. फक्त स्वतःचे कागद हं, कंपनीचा डेटा, क्लायंटच्या फाईली यांना हातही लावू नका, नाहीतर त्यांच्याच हातात कोलीत दिल्यासारखं होतं. अपॉइंटमेंट लेटर कधी दिलंच नसेल तर पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक हेही नोकरीचे पुरावे आहेत.

कायदा कुठला लागतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे इंटरनेटवर सापडणारी अर्धी माहिती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची, म्हणजे जुनी आहे. बऱ्याच गोष्टी तशाच पुढे आल्यात, काही बदलल्यात.

पहिला प्रश्न, तुम्ही कायद्याच्या भाषेत "कामगार" आहात का. व्यवस्थापकीय काम करणारे यात येत नाहीत, आणि सुपरवायझर असाल व पगार महिना १८,००० च्या वर असेल तर तेही नाहीत. पण हे ठरतं ते रोजच्या कामावरून, व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावरून नाही, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय. नावाला "असिस्टंट मॅनेजर" आणि काम दिवसभर डेटा भरायचं, हाताखाली एकही माणूस नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, तर तुम्ही कामगार ठरू शकता. त्यामुळे "तू मॅनेजर आहेस, तुला काही लागू नाही" हे एचआरने म्हटलं म्हणून लगेच मान डोलवू नका.

कामगार असाल आणि एक वर्ष सलग नोकरी झाली असेल, आणि सलग म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं तरी चालतं, तर कपात करताना एक महिन्याची लेखी कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. साधारण तत्त्व असंही आहे की त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, आणि पुढे पुन्हा भरती केली तर कपात झालेल्यांना आधी विचारायचं. नवीन संहितेत एक चांगली भर पडलीय, मालकाने कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम रीस्किलिंग (नवं कौशल्य शिकण्याच्या) फंडात भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. हे कित्येकांना माहीतच नाही, मागा. ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तर कपातीआधी सरकारची परवानगीच घ्यावी लागते, आधी हा आकडा १०० होता.

ठराविक मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि मुदत संपली, तर ती कपात धरत नाहीत. कामगाराला गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढत असतील तर आधी आरोपपत्र, मग चौकशी, तुमचं म्हणणं ऐकून घेणं हे व्हायलाच हवं, आणि चौकशी होईपर्यंत निलंबित केलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, त्यानंतर चौकशी तुमच्यामुळे लांबलेली नसेल तर ७५ टक्के. आणि प्रसूती रजेवर असलेल्या बाईला त्या रजेमुळे काढणं किंवा रजेच्या काळात काढणं हे सरळ बेकायदेशीर आहे, १९६१ च्या कायद्यापासून हे चालत आलंय, त्यात वाद घालायला जागा नाही.

मॅनेजर किंवा आयटीतल्या सीनियर लोकांसाठी मुख्य आधार म्हणजे अपॉइंटमेंट लेटर. त्यात नोटीस पिरियड दोन महिने लिहिलाय तर दोन महिन्यांची नोटीस नाहीतर तेवढे पैसे, हा करार आहे. पगार आणि ग्रॅच्युइटी मात्र तुम्हालाही मिळतेच, त्याला कामगार असण्याची अट नाही.

फुल अँड फायनल

"एफ अँड एफ (म्हणजे फुल अँड फायनल, शेवटचा हिशोब) ४५ दिवसांनी होईल" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. वेतन संहिता सांगते की माणसाला काढलं, कपात केली किंवा त्याने राजीनामा दिला तरी त्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. प्रत्यक्षात कंपन्या वेळ घेतात हे खरंय, आणि आठ-दहा दिवसांसाठी मी तरी भांडण काढणार नाही, पण महिना उलटला आणि उत्तरं बंद झाली तर मेलमध्ये "दोन कामकाजाचे दिवस" हे शब्द लिहून पाठवा, पुष्कळदा तेवढ्याने फाईल हलते. हिशोबाचा कागद मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा: कामाच्या दिवसांचा पगार, नोटीसचे पैसे, शिल्लक रजेचे पैसे, ठरलेला इन्सेंटिव्ह, थकलेलं रिइम्बर्समेंट. पैसे वजा केल्याच्या बाजूला काय लावलंय तेही बघा, काढलं कंपनीने आणि नोटीस पिरियडची वसुली तुमच्याकडून, असलेही प्रकार चालतात.

बोनस लोक हमखास विसरतात. पगार महिना २१,००० च्या आत असेल आणि त्या वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल तर मधेच नोकरी गेली तरी त्या दिवसांचा बोनस तुमचा आहे, किमान ८.३३ टक्के. तो लगेच नाही मिळत, हिशोबाचं वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत द्यायचा असतो, त्यामुळे तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि तेव्हा मागा. चोरी, फसवणूक, मारामारी अशा कारणाने काढलं असेल तर मात्र नाही.

ठेकेदारामार्फत कामाला असाल आणि ठेकेदार पगार बुडवून पसार झाला, तर ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम करत होतात त्या मूळ मालकावर पगार द्यायची जबाबदारी येते. गेटपास, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं जपून ठेवा.

ग्रॅच्युइटी, जिथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, हा तुमचा हक्क आहे, तो कंपनीचा उपकार नव्हे. राजीनामा दिलात तरी मिळते, काढलं तरी मिळते. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अटच नाही. ठराविक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एक वर्षानंतरही केलेल्या काळाच्या प्रमाणात मिळते, आणि ही गोष्ट कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना कुणी सांगत नाही. पाच वर्षांना काहीच महिने कमी पडत असतील तरी सोडून देऊ नका, चार वर्षं आणि पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तर पाच वर्षं धरावीत असं मद्रास हायकोर्टाने म्हटलेलं आहे, ते दाखवून मागता येतं.

हिशोब असा, शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर असेल ते पुढचं वर्ष. आता खरी मेख "शेवटचा पगार" म्हणजे काय यात आहे. आधी बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) एवढंच धरायचे, म्हणून कंपन्या बेसिक मुद्दाम कमी ठेवायच्या. नव्या व्याख्येत भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरायचा. उदाहरण घ्या, एकूण मोबदला ६०,०००, त्यात बेसिक फक्त १८,०००, नोकरी ७ वर्षं ८ महिने म्हणजे ८ वर्षं. जुन्या पद्धतीने ग्रॅच्युइटी साधारण ८३,०७७ रुपये. नव्या पद्धतीने पगार धरला ३०,०००, म्हणजे साधारण १,३८,४६२ रुपये. पंचावन्न हजारांचा फरक आहे, आणि एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून जुनाच फॉर्म्युला बसलेला असू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ नंतर नोकरी सुटली असेल तर हिशोब स्वतः मांडा आणि विचारा.

मागणीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे यायला हवेत, उशीर केला तर व्याज लागतं. रोखून धरायचा अधिकार फार मोजक्या कारणांसाठी आहे, तुमच्यामुळे नुकसान झालं म्हणून काढलं असेल तर त्या नुकसानाएवढं, किंवा मारहाण, नैतिक अधःपतनाचा गुन्हा वगैरे. "लॅपटॉप परत केला नाही", "नो ड्यूज झालं नाही" म्हणून ग्रॅच्युइटी अडवणं यात बसत नाही. लॅपटॉप मात्र परत करा आणि पोच घ्या, उगाच त्यांना निमित्त देऊ नका.

पीएफ

सगळ्यात आधी पासबुक उघडून बघा की पगारातून कापलेले पैसे दर महिन्याला खरंच भरलेत का. नसतील तर लगेच ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, कंपनी चालू आहे तोवर वसुली सोपी असते. मग आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं आहे का आणि नाव-जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का ते तपासा, कारण क्लेम रिजेक्ट होतो तो बहुतेक वेळा यातच. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता, त्यासाठी एचआरच्या मागे लागायची गरज नाही.

किती काढता येतात? बरीच वर्षं नियम असा होता की महिनाभर बेकार राहिलात तर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे बदलायचं ठरवलं, ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर, आणि पीएफसोबत जमणारे पेन्शनचे पैसे ३६ महिन्यांनी. म्हणून क्लेम टाकायच्या दिवशी पोर्टलवर कुठला पर्याय उघडतोय ते बघूनच पुढचं प्लॅनिंग करा, सगळे पैसे दोन महिन्यांत येतील असं गृहीत धरून कुणाला शब्द देऊ नका.

आणि मनापासून सांगते, अगदीच अडलं नसेल तर पीएफ मोडू नका. खातं पडून राहिलं तरी व्याज चालू असतं, आणि पेन्शन मिळायला लागणारी दहा वर्षं पूर्ण व्हायला जुनी नोकरी धरली जाते, ती मधेच काढून घेतली तर मोजणी शून्यापासून. दहा वर्षं झाली नसतील तर पैसे काढायच्या ऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी ही नोकरी पुढे धरली जावी म्हणून मिळणारा दाखला, घेता येतं. टॅक्सचंही बघा, पाच वर्षांच्या आत काढले आणि रक्कम ५०,००० किंवा वर असेल तर १० टक्के टीडीएस कापतात, पण पाच वर्षं मोजताना ट्रान्सफर केलेली आधीची नोकरीही धरतात. शिवाय आजारपण, कंपनीचा धंदा बंद पडणं किंवा आटोपता घेणं, तुमच्या हातात नसलेलं कारण यामुळे नोकरी गेली असेल तर पाच वर्षांच्या आत काढूनही सूट मिळते. इथे पुन्हा तोच प्रश्न, कागदावर राजीनामा लिहिलाय की कपात.

ईएसआय असेल तर

पगार २१,००० पर्यंत असणाऱ्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं, त्यात बेकारी भत्त्याच्या दोन योजना आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच, आणि क्लेम नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी. विमाधारक नोकरी किमान दोन वर्षं झालेली हवी. या योजनेची मुदत वाढवत नेतात, तेव्हा शाखा कार्यालयात विचारून घ्या. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, कपात झाली, कारखाना बंद पडला किंवा अपंगत्वामुळे नोकरी गेली तर पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. शिवाय नोकरी गेली की दवाखाना लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पगारातून कापलेल्या ईएसआयचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, म्हणजे ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली तरी जूनपर्यंत उपचार सुटू नयेत. घरात कुणाचं डायलिसिस, कुणाची बाळंतपणं असतात, ओळखपत्र फेकून देऊ नका.

ज्यांचा कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स होता त्यांचं कव्हर मात्र बहुधा शेवटच्या दिवशीच संपतं. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी भरलेल्या वर्षांचा फायदा प्रतीक्षा काळात मिळतो, पण अर्ज कव्हर संपायच्या आधी करा. आईवडलांना शुगर-बीपी असेल तर हे काम नोकरी जाणार कळताच करा, बाकी सगळं नंतर.

पैसे देत नाहीत, मग?

आधी मेल, मग स्पीड पोस्टाने पत्र, पोच जपून ठेवायची. मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज, प्रत्येक जिल्ह्यात सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी असतात, वकील लागत नाही. पीएफसाठी ईपीएफओ, ग्रॅच्युइटीसाठी त्या कायद्याखालचा सक्षम अधिकारी, थकलेल्या पगारासाठी वेतन संहितेखालचा अधिकारी, तो मूळ रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मुदती मात्र पाळा. पगाराच्या दाव्याला तीन वर्षं आहेत, बेकायदेशीर काढल्याचा वाद नव्या संहितेत दोन वर्षांच्या आत न्यावा लागतो, आधी तीन होती. आणि महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध १९७१ च्या राज्याच्या कायद्याखाली तक्रार करायची तर फक्त ९० दिवस. त्यामुळे "आधी नवी नोकरी बघतो मग बघू" असं करू नका, दोन्ही एकदम चालू ठेवता येतं. पहिल्या महिन्यातच एकदा कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा युनियनवाल्याला कागद दाखवून तुमच्या केसमध्ये कुठला रस्ता लागू आहे ते विचारून घ्या. जाताना एका कोऱ्या कागदावर रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, शेवटचा पगार, काय मिळालं आणि काय बाकी आहे एवढं लिहून न्या, समोरच्याला पाच मिनिटांत केस कळते आणि तुम्हालाही आपले नेमके किती पैसे अडकलेत ते दिसतं.